ठमाबाईंचे पाय

आमच्या खांदा कॉलनीतल्या सोसायटीत निम्म्या लोकांना अजूनही वाटतं, की मी चौतीस वर्षं लोकांचे पाय चेपले. वॉचमन तर मला सरळ मालिशवाल्या मॅडम म्हणायचा. फिजिओथेरपिस्ट हा शब्द तोंडात मावत नाही हे मान्य, म्हणून मीही कधी वाद घातला नाही. गेल्या वर्षी दवाखाना बंद केला तेव्हा पाटी उतरवायला तोच आला आणि आता गुडघे कुणाला दाखवायचे, असं काळजीनं विचारून गेला.

गुडघे, कंबर आणि मान यांच्यावर माझं पोट भरलं, पण जीव रमला तो कंपवाताच्या माणसांत. कंपवात म्हटलं की लोकांना थरथरणारा हात दिसतो. हात थरथरण्यानं फारसं अडत नाही. अडतं ते पाय थांबतात तेव्हा. या अंकाच्या संपादकांनी काहीतरी गमतीशीर लिहा म्हणून सांगितलंय. तर गमतीचं एक आधी सांगून टाकते, मग मला जे सांगायचं आहे ते सांगते.

पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ नवीन पनवेलहून माझ्याकडे सायकलवर यायचे. रहदारीतून, खड्डे चुकवत, एका हातानं घंटी वाजवत. सायकल खांबाला टेकवायचे, चार पावलं टाकायचे आणि माझ्या दारात गच्च थांबायचे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मागून रिक्षानं आलेली बायको कपाळाला हात लावायची. मुद्दाम करतात हो, भाजी मंडईपर्यंत सायकल मारतात आणि घरात पाण्याचा तांब्या घ्यायला उठत नाहीत, अशी तिची तक्रार. मी माझी चप्पल काढून त्यांच्या पावलापुढे आडवी ठेवली आणि म्हटलं, ही ओलांडा. त्यांनी टुणकन ओलांडली आणि आत आले. त्या दिवसापासून त्या माउलीनं घरात दर दारासमोर काही ना काही आडवं ठेवायला सुरुवात केली. लाटणं न्हाणीघराच्या दारात असल्यामुळे आमच्याकडे हल्ली पोळ्या उशिरा होतात, असं ते पोस्टमास्तर मला सांगायचे.

हे कसं होतं, ते मी चौतीस वर्षं नातेवाइकांना एकाच दाखल्यानं समजावत आले. आपलं एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. गाड्या फलाटाला लागलेल्या आहेत, ड्रायव्हर बसलेत, इंजिनं चालू आहेत. पण कंट्रोलरनं हिरवा कंदील दिल्याशिवाय एकही गाडी हलत नाही. मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थराला कॉर्टेक्स म्हणतात. चालावं, उठावं, बोलावं, हे बेत तिथे होतात. पण त्या बेतांची फाइल खाली, मेंदूच्या पोटात असलेल्या गाठींकडे जाते. त्या गाठी म्हणजे आपला कंट्रोलर. त्या सगळ्यांना 'थांबा' म्हणून बसलेल्या असतात आणि ज्याची वेळ झाली त्याला एकट्याला सोडतात. परवानगी घेऊन फाइल परत वर येते, मग पाय उचलतो. हे चक्र दिवसभर आपल्याला न कळता फिरत असतं. कंपवातात या गाठींना लागणारं डोपामिन नावाचं रसायन आटत जातं. बेत शाबूत, पायात ताकद शाबूत, पण सोडणारा सोडत नाही. म्हणून माणूस दारात उभा राहतो आणि घरचे म्हणतात, मुद्दाम करतो.

असं चक्र एकच नाही. चालण्याचं आहे, तसं सवयींचं आहे, कशाची हौस वाटण्याचंही आहे. म्हणून कंपवाताचा माणूस हसत नाही, कुठे जायला नको म्हणतो, आणि घरचे त्याला तुसडा ठरवतात. आमचं काम त्या बंद फलाटाला वळसा घालायचं. डोळ्यांना एखादी रेघ दाखवली किंवा कानाला ठेका दिला, की मेंदू दुसऱ्या रस्त्यानं पाय हलवू शकतो. चप्पल ओलांडायला त्या गाठींची परवानगी तितकीशी लागत नाही. माझी सगळी विद्या एवढीच.

ठमाबाई माझ्याकडे आल्या तेव्हा सत्तरीच्या जवळ होत्या. कामोठ्याच्या सेक्टरांच्या आणि क्लासेसच्या पाट्यांच्या मध्ये जे जुनं गाव उरलंय, तिथल्या त्या. त्यांचा मुलगा हरेश शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. मुलांना सोडून झालं, की आईला घेऊन यायचा. आईला उतरवताना तो तिची काखोट धरून ओढायचा आणि मी रोज ओरडायचे, की थांबलेल्या माणसाला ओढायचं नाही, पडेल. तो हसून हो म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढायचा.

ठमाबाई धवलारीण होत्या. आगरी घरांत लग्न लागतं ते धवलारणीच्या गळ्यावर. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला असतो. देवांना नावं घेऊन आवतण द्यायचं, मेलेल्या पूर्वजांनाही बोलवायचं, नवऱ्यामुलाला पाटावर बसवायचं, सगळं गाण्यातून. कागदावर काही नाही, सगळं पाठ. पाच-सहा गावांत त्यांना मान होता. पाय थांबायला लागल्यावर ती बोलावणी बंद झाली. मांडवात मध्येच खांबासारख्या उभ्या राहिल्या, तेव्हा पोरं हसली होती. तेव्हापासून त्या घराबाहेर पडत नव्हत्या. हे मला त्यांनी नाही, हरेशनं सांगितलं.

मी फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून बघितल्या. निम्मं काम झालं. टिकटिक करणारं यंत्र लावलं, तर त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "बाय, मी काय घरयालाच्या मागं चालू?" तेही गुंडाळलं. मग एक दिवस माझ्या मदतनीस बाई मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. ठमाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पत्रिका हातात घेतली, कपाळाला लावली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायला लागल्या. गुणगुणतच त्या उठल्या. उठल्या आणि मदतनीस बाईंच्या मागोमाग, रोज ज्या दारात दहा मिनिटं जायची त्या दारातून, सरळ आतल्या खोलीत गेल्या. पाऊल चांगलं हातभर पडत होतं. मी हातातला टॉवेल घेऊन तशीच उभी राहिले.

गाण्याच्या लयीवर कंपवाताची माणसं चालतात, हे मी वाचलं होतं, थोडंफार पाहिलंही होतं. असं नव्हतं पाहिलं. पन्नास वर्षं ज्या लयीवर ही बाई मांडवात फिरली, ती तिच्या पायांत मुरली होती. मी दुसऱ्याच दिवसापासून सांगितलं, उठायच्या आधी धवला धरायचा, दार आलं की सूर मोडायचा नाही.

त्या लगेच तयार झाल्या नाहीत. लग्न नसताना धवला म्हणत नाहीत, म्हणाल्या. देवीला विचारून सांगते. चार दिवसांनी आल्या त्या हसतच. देवीनं कौल दिला होता. "घरात समदं चांगलं हाय तवर म्हन, असं बोलली," असं त्यांनी मला सांगितलं. मी त्यातलं 'म्हन' तेवढं ऐकलं. पुढचं मागचं सगळं देवाधर्माचं, त्याच्याशी माझा काय संबंध, असं माझ्या मनात होतं. खोटं कशाला सांगू, थोडं हसूही आलं होतं.

पुढची दोन वर्षं माझ्या धंद्यातली सगळ्यात चांगली. ठमाबाई घरात धवल्यावर चालायच्या. न्हाणीघरात, ओट्यावर, शेजारी. एका भाचीच्या लग्नात त्यांना पुन्हा बोलावणं आलं. मी मुद्दाम गेले होते. हळदीला त्या मांडवभर फिरल्या, कुठेही अडकल्या नाहीत, आणि पूर्वी हसलेल्या पोरांतलाच एक जण त्यांना खुर्ची द्यायला धावला. त्या आनंदात मी जेवायला थांबले. त्यांची सून वनिता माझ्या पानात वाढताना म्हणाली, की आई परत आधीसारख्या ओरडायला लागल्यात, बरं वाटतं.

मी त्यांचा व्हिडिओ काढला होता. आधीचा आणि नंतरचा. वाशीला आम्हा फिजिओथेरपिस्ट लोकांचं एक संमेलन होतं, तिथे दाखवला. टाळ्या वाजल्या. दोन तरुण मुली येऊन पाया पडल्या. त्या टाळ्या डोक्यात गेल्या, दुसरं काय. चिकटपट्ट्यांचा सराव मी बंदच करून टाकला. हरेशनं घरात नवीन टाइल्स बसवल्या होत्या, त्यांच्यावर पट्ट्या लावायला तो कां-कूं करत होता. एरवी मी त्याला फैलावर घेतलं असतं. तेव्हा म्हटलं, राहू दे, आईकडे धवला आहे. आमच्या शिक्षणात पहिल्या वर्षी शिकवतात, की रुग्णाला एकाच काठीवर सोडू नये, दुसरी काठी दारामागे असावी. मी ते दवाखान्यात शिकायला येणाऱ्या शेकडो मुलांना शिकवलं असेल. ठमाबाईंच्या दारामागे मी काही ठेवलं नाही.

आणि मग हरेश गेला. सेहेचाळीस वर्षांचा. दुपारी शाळा सुटायच्या आधी व्हॅन लावून बसला होता, तिथेच छातीत कळ आली. मुलं अजून गाडीत बसली नव्हती, एवढंच काय ते बरं.

मी चौथ्या दिवशी भेटायला गेले. घर माणसांनी भरलेलं. ठमाबाई कोपऱ्यात चटईवर बसल्या होत्या, भिंतीला पाठ लावून. मी जवळ बसले, हात हातात घेतला. निघताना वनिताच्या भावाला विचारलं, गोळ्या वेळेवर देताय ना. तो हो म्हणाला आणि ते खरंही होतं. त्या जागच्या हलत नाहीत, असंही कुणीतरी सांगितलं. मुलगा गेलेली आई हलत नाही, हे कुणालाही कळतं. मलाही तेवढंच कळलं. मी माझ्या कामावर निघून आले.

तिथे बसून मी एवढंच विचारायला हवं होतं, की न्हाणीघरात कशा जातात. ते विचारलं असतं तर कळलं असतं, की त्या पाणी पीत नव्हत्या. पाणी प्यायलं की उठावं लागतं. उठायचं तर धवला हवा. आणि ज्या घरातून तरुण मुलाची तिरडी उठली, त्या घरात लग्नाचं गाणं म्हणायचं नसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी पनवेलची आहे, आगरी माणसांत आयुष्य गेलं. पण धवला हे माझ्या डोक्यात गाणं राहिलंच नव्हतं, ते औषध झालं होतं. औषध सुतकात बंद करावं लागेल, हे कसं सुचणार?

अकराव्या दिवशी सकाळी फोन आला. न्हाणीघराच्या दारात पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. तिथे मी शहाणपणानं सगळं केलं. घरी नेल्यावर टाइल्सवर पट्ट्या लावल्या, पलंगाची उंची बदलली, रोज संध्याकाळी जात होते, फी घेतली नाही. सगळं करून झालं आणि काही झालं नाही. त्या उभ्या राहायलाच तयार नव्हत्या. एकदा मी फार मागे लागले, तेव्हा डोळे मिटूनच म्हणाल्या, "बाय, आता कुठं जायाचं हाय?" चार महिन्यांनी छातीत कफ भरून त्या गेल्या.

मी तेव्हा स्वतःला एक समजूत घातली होती. पडल्या कारण दुःखात होत्या, गर्दी होती, फरशी ओली होती. कंपवाताची माणसं पडतात. आमच्या धंद्यात हे वाक्य फार उपयोगी पडतं.

गेल्या वर्षी दवाखान्यातलं सामान आवरत होते, तेव्हा वनिता आली. ठमाबाईंचा वॉकर परत द्यायला. मी म्हटलं, अगं, आता मला काय करायचाय, तुमच्याकडेच राहू दे. ती नको म्हणाली. घरात दिसतो, म्हणाली. मग बसली. चहा घेतला. तिची मुलगी आता नोकरीला लागली होती, व्हॅन विकून टाकली होती, असं इकडचं तिकडचं बोलली. उठायची वेळ झाली तरी उठेना.

"मॅडम, एक विचारू? कुणाला बोलली नाय अजून."

तिनं जे सांगितलं ते असं. त्या सकाळी घरात बायका चुलीपाशी होत्या. ठमाबाईंना न्हाणीघराकडे न्यायला वनिता एकटी होती. दारात येऊन त्या थांबल्या. एका हातानं चौकट घट्ट धरली होती. पाय उचलेना. लघवीची घाई होती, त्यांना सहन होत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. वनिता म्हणाली, आई, म्हणा ना हळूच, कुणी ऐकत नाही. त्या म्हणाल्या, "माजा पोर जाऊन अकरा दिस नाय झालं, नि मी लगीन लावू?" तोवर पातळ ओलं झालं होतं. आयुष्यभर मांडव सांभाळलेली बाई सुनेसमोर तशी उभी होती. ते वनिताला बघवलं नाही. म्हणून तिनं स्वतःच धवला धरला. तिला एकच येत होता. तिच्या स्वतःच्या हळदीला सासूनं म्हटलेला.

"मी धरला नि आईंचा पाय उचलला, मॅडम. खरंच उचलला. एक पाऊल टाकलं. नि मंग त्यांना समजलं का मी काय म्हनते. नवरा जाऊन अकरा दिवस नाय झाले, नि मी हळदीचं म्हनते. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला."

तिनं स्वतःचा तळवा तोंडावर ठेवून दाखवला.

"चौकट धरलेला हात होता तो," वनिता म्हणाली.

मला नंतर पुष्कळदा वाटलं, की माझ्या चौतीस वर्षांच्या विद्येचं उत्तर त्या एका क्षणात होतं. ठमाबाईंच्या मेंदूतला सोडणारा आजारी होता, पण अडवणारा ठणठणीत होता. कुठे काय करू नये हे सांगणारा कपाळामागचा भाग शेवटपर्यंत चोख काम करत होता. पायांना ठेका मिळाला, पाय निघाले, आणि त्याच वेळी वरून हुकूम आला, की हे पाप आहे, थांबव. हाताला परवानगी लगेच मिळाली. लयीच्या जोरावर निघालेलं पाऊल हवेत होतं आणि लय त्यांनीच सुनेच्या तोंडावर हात ठेवून बंद केली होती. आम्ही त्या भागाला संयम, विवेक असली चांगली नावं देतो.

वनितानं विचारलं, "मी म्हनायला नको होता ना?"

मी तिला सगळं सांगितलं. कॉर्टेक्स, गाठी, कंट्रोलर, फलाट. पट्ट्या मी का लावल्या नाहीत ते सांगितलं. वाशीच्या टाळ्या सांगितल्या. देवीनं घातलेली अट मी कानाआड केली, हेही सांगितलं, आणि ते सांगताना मला रडू आलं. तुझी चूक नाही, म्हटलं, तू तर तेच केलंस जे मी शिकवलं होतं. चूक माझी आहे. मी त्यांना एकच गाणं दिलं आणि ते गाणं कधी बंद पडेल याचा विचार केला नाही.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी त्यांना चालवलंत, मॅडम. पाडलं मी."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. ती मान हलवत होती, वडीलधाऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून हलवतात तशी. मग कप विसळून ठेवला, माझ्या पाया पडली आणि गेली. पाय का उचलत नाहीत, हे मी एवढ्या वर्षांत किती घरांना समजावलं याची गणती नाही. नवऱ्यांना, बायकांना, चिडलेल्या मुलांना, सगळ्यांना शेवटी पटायचं. या एकीला नाही पटवता आलं.